कोरोनाची टेस्ट कोणती, कधी करायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा

लॅबमध्ये काम करतो म्हणून बिल्डिंगमधले सगळे मलाच विचारतात, त्यामुळे एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात आधी तारीख मोजा. त्रास सुरू झाला त्याच्या पहिल्या चार-पाच दिवसांत नाकाघशात व्हायरस भरपूर असतो, तेव्हा टेस्ट करायची. काहीच त्रास नाही पण घरातलं कोणी पॉझिटिव्ह आलंय, तर दुसऱ्याच दिवशी धावू नका, पाचेक दिवस थांबा. स्वॅबवर, म्हणजे नाकात घालायच्या काडीवर, व्हायरस आलाच नाही तर मशीन कितीही भारी असली तरी ती काय दाखवणार, डोंबल?

घरचं किट म्हणजे रॅपिड अँटीजेन, ते व्हायरसचं प्रोटीन शोधतं. पाकीट अगदी टेस्ट करायच्या वेळीच फोडा, मुंबईच्या दमट हवेत पट्टी उघडी ठेवून चहा प्यायला गेलात तर ती ओल धरते. काडी दोन ते चार सेंटिमीटर आत, दोन्ही नाकपुड्यांत पाच-पाच वेळा गोल फिरवायची, नुसतं टेकवून काढायची नाही. मग ट्यूबमधल्या लिक्विडमध्ये नीट घुसळून, ट्यूब दाबून, दोन थेंब पट्टीवर, आणि पंधरा मिनिटं. सी (कंट्रोल) ची रेघ आलीच पाहिजे, ती नाही तर किट बाद. टी (टेस्ट) ची रेघ फिकट असली तरी पॉझिटिव्हच, उजेडात धरून वाद घालू नका. आणि वीस मिनिटांनंतर आलेली रेघ धरायची नाही. त्रास असून निगेटिव्ह आलं तर मात्र लॅबमधली आरटीपीसीआर करा, कारण अँटीजेनला व्हायरस बऱ्यापैकी जास्त लागतो.

आरटीपीसीआरला काडी नाकातून सरळ मागे, कानाच्या दिशेने जाते, वर डोळ्यांकडे नाही. डोळ्यांतून पाणी येतं, येऊ दे, डोकं मागे खेचलंत तर सॅम्पल अर्धवट येतं. काडी नायलॉनची किंवा डॅक्रॉनची असते, कापसाची लाकडी काडी चालत नाही, तिच्यामुळे पीसीआरमध्ये अडथळा येतो. मग ती लिक्विडच्या ट्यूबमध्ये, बर्फाच्या डब्यात, 2 ते 8 डिग्रीला.

लॅबमध्ये आधी आरएनए वेगळा काढतात, त्याचा डीएनए करतात आणि मग मशीनच्या दर सायकलला, म्हणजे फेरीला, तो साधारण दुप्पट होत जातो. 96 खळग्यांची प्लेट, त्यात दोन कंट्रोलचे (एकात व्हायरसचा नमुना मुद्दाम घातलेला, तो पॉझिटिव्ह; एकात नाही, तो निगेटिव्ह), उरलेले 94 तुमचे. मशीनवर दीडेक तास लागतो पण रिपोर्ट संध्याकाळी येतो, कारण प्लेट भरायची वाट बघतात (फोन करून शिव्या घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्या). निगेटिव्ह कंट्रोलमध्ये सिग्नल दिसला तर अख्खी प्लेट पुन्हा. व्हायरसच्या जीन्सबरोबर माणसाचा एक जीनही तपासतात, तोच दिसला नाही म्हणजे काडी नाकात नीट फिरलीच नव्हती, मग रिपोर्ट इनव्हॅलिड. तो निगेटिव्ह नसतो, सॅम्पल परत द्या!

आता तो सीटी व्हॅल्यू, म्हणजे कितव्या सायकलला व्हायरसचा सिग्नल दिसला तो आकडा. जितका कमी तितका व्हायरस जास्त, साधारण 3.3 चा फरक म्हणजे दहापट. आयसीएमआरने (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) पॉझिटिव्ह धरायला 35 ची मर्यादा दिली होती. पण किट बदललं की आकडा बदलतो, काडी बरोबर नसली तरी बदलतो, म्हणून शेजाऱ्याचा 18 आणि माझा 27 ही तुलना करून आजार किती गंभीर ते कळत नाही. छातीच्या सीटी स्कॅनचा 25 पैकी स्कोअर हे अजून वेगळंच प्रकरण, नाव सारखं म्हणून लोक घोळ घालतात. स्कॅनवरून फुफ्फुसाची अवस्था कळते, कोरोनाच आहे हे नाही.

बरं झाल्यावर निगेटिव्ह बघायच्या हौसेने पुन्हा आरटीपीसीआर करू नका, मेलेल्या व्हायरसचे तुकडे काही आठवडे निघत राहतात आणि उगाच घरात टेन्शन.

अँटीबॉडी टेस्टचा (व्हायरसशी लढायला शरीर जी प्रोटीन्स बनवतं ती रक्तात शोधतात) आजच्या तापाशी संबंध नाही, अँटीबॉडी तयार व्हायलाच आठवडा ते तीन आठवडे जातात. 2020 च्या जुलैमध्ये माटुंगा, चेंबूर आणि दहिसरच्या वॉर्डांत सिरो सर्व्हे (लोकांचं रक्त तपासून केलेली पाहणी) झाला, झोपडपट्टीत 57 टक्के आणि इमारतींत 16 टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी सापडल्या, तसल्या कामाला ती बेस्ट. तुम्ही कोविशिल्ड घेतलेली असेल तर स्पाइकची (व्हायरसवरच्या काट्यांच्या प्रोटीनची) अँटीबॉडी लसीमुळेही येते, मग आधी कोरोना झाला होता का हे बघायला एन प्रोटीनची मागा, ते व्हायरसच्या आतलं असतं आणि कोविशिल्डमध्ये नसतं. कोवॅक्सिन घेतली असेल तर तेही सोडा, तिच्यात आख्खा मारलेला व्हायरस आहे, दोन्ही येऊ शकतात.