वॉर्डात गेल्यावर आधी पेशंटकडे बघा, मॉनिटर कुठे पळून जात नाही

जीएनएम-बीएस्सी नर्सिंगच्या पोरींनो आणि पोरांनो, पहिली पोस्टिंग लागली की सगळ्यात आधी टीपीआर चार्ट हातात येतो आणि मग जे सगळे करतात तेच आपण पण करतो, टेम्परेचर बघायचं, पल्स मोजायचा आणि श्वास सगळ्यांचा मिनिटाला २० लिहून मोकळं व्हायचं. मी पण केलंय, लपवत नाही. पारोळ्याकडचे एक आप्पा होते, ताप-खोकल्यासाठी अॅडमिट, बीपी ११०/७०, मी श्वास २० लिहिला, न मोजता. त्यांची बायको म्हणे, "सिस्टर, ह्या आज नेहमीगत बोली नही राहनात." मी म्हटलं ताप आहे ना, थकले असतील. नाइटच्या सिस्टरने आल्या आल्या मोजला तर ३२! आप्पा आयसीयूत गेले, वाचले, पण तो २० अजून माझ्या डोळ्यासमोर येतो.

म्हणून पहिलं शिका श्वास मोजायला. पल्स मोजून झाला की मनगट सोडायचं नाही, तसंच धरून ठेवायचं आणि नजर छातीवर न्यायची, पेशंटला सांगायचं नाही नाहीतर तो मुद्दाम हळू घेतो. साडी, चादर असेल तर वरून हलका हात ठेवा. पूर्ण एक मिनिट, १५ सेकंद गुणिले चार नाही. मोठ्या माणसात १२ ते २० नॉर्मल, आणि २५ च्या वर गेला तर बाकी सगळं छान असलं तरी सांगायचंच, कारण रक्तपुरवठा कमी पडला की शरीरात अॅसिड साचतं आणि ते बाहेर टाकायला श्वास आधी वाढतो, बीपी पडतं ते नंतर. तरण्या पोराचं बीपी तर शेवटपर्यंत बरं दिसतं आणि मग एकदम कोसळतं.

बीपी बरं दिसलं तरी हातपाय गार आहेत का बघा, बोटाचं टोक ५ सेकंद दाबून सोडा, रंग २ सेकंदात परत यायला हवा. युरोबॅगकडे, म्हणजे लघवीच्या पिशवीकडे पण बघा. लघवी तासाला किलोमागे अर्धा एमएल, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ३० एमएल तरी हवी. रात्रभर पिशवी तेवढीच आणि सकाळी "आउटपुट अॅडिक्वेट" (लघवी पुरेशी) लिहिलेलं, असं पाहिलंय मी.

आता आपल्या खानदेशातल्या केसेस. कापसावर फवारणी सुरू झाली की विषबाधेचे पेशंट येणार. डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, अंगावर घाम, छातीत घुरघुर. हातमोजे घालून कपडे काढा, साबणपाण्याने अंग धुवा, ते कपडे पिशवीत बांधून बाजूला. मग अॅट्रोपिन, म्हणजे ह्या विषावरचा उतारा, सुरू होतं आणि खरी अक्कल इथे लागते. बाहुली मोठी झाली म्हणजे झालं असं नाही, छाती कोरडी पडली का, पल्स ८० च्या वर आला का हे बघायचं. आणि दुसऱ्या दिवशी तोच पेशंट चादर ओढतोय, हवेत काहीतरी पकडतोय, अंग तापलंय, पोट फुगलंय, लघवी अडकलीये, तर नातेवाईक म्हणतात बाहेरचं झालं आणि आपण म्हणतो विष डोक्यात गेलं. पण अॅट्रोपिन जास्त झालं असेल, लगेच डॉक्टरांना सांगा, स्वतः ड्रिप कमी-जास्त करू नका. अजून एक, बरा वाटतोय म्हणून सोडू नका. १ ते ४ दिवसात मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, म्हणून दर राऊंडला म्हणा, "भाऊ, उशीवरून डोकं उचल." नाही उचलता आलं तर धावत सांगायचं. दहा सेकंदाचं काम आहे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, शेतातून बरळणारा माणूस आला की सगळे उन्हाचंच म्हणतात. ऊन लागलेलं असेलच, पण आधी शुगर बघा, ७० च्या खाली असेल तर बरळणं शुगर कमी झाल्याने असू शकतं. अंग ४० अंश सेल्सियसच्या वर आणि बरळतोय म्हणजे पाणी शिंपडा, पंखा लावा, तिथल्या तिथे, पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

नंदुरबारकडे पोस्टिंग असेल तर सिकलसेलचे पेशंट दिसतील, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, अंग फार दुखतं. दुखतंय म्हणाला की दुखतंय, "नाटक करतोय" हा शब्द वॉर्डात नको. ताप, छातीत दुखणं आणि ऑक्सिजन कमी हे एकत्र दिसलं तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना सांगायचं. आणि भाषा येत नसेल तर नातेवाइकाला जवळ घ्या, अहिराणीत "दम लागी राहना का?" विचारलं की म्हातारी माणसं लगेच मोकळी होतात, मराठीत विचारलं तर "बरंय" म्हणतात.

डॉक्टरांना फोन करताना "सर, पेशंट बरा वाटत नाही, येऊन जा" म्हणू नका, झोपेतला माणूस "सलाइन लावा" म्हणून ठेवून देतो. असं म्हणा: "सर, मेल वॉर्ड बेड ७, न्यूमोनिया, दुसरा दिवस. संध्याकाळी श्वास २२ होता, आता ३०, ऑक्सिजन ९०, बोलणं तुटक झालंय. मला तब्येत खालावतेय असं वाटतंय, तुम्ही आत्ता येऊन बघा. येईपर्यंत ऑक्सिजन किती लिटर ठेवू?" स्टुडंट असाल तर आधी स्टाफ सिस्टरला, आणि त्या बिझी असतील तरी परत परत सांगा, रागावल्या तर रागावू द्या.

मग केस पेपरवर वेळ टाकून लिहा. "२.१० ला डॉक्टरांना कळवलं, २.२५ ला त्यांनी बघितलं, श्वास ३०." न मोजलेला आकडा लिहायचा नाही, ती जागा रिकामी सोडा आणि जाऊन मोजून या.