भागीदारी संपवताना आधी तारीख ठरवा, मग रक्कम

दोन भागीदार वेगळे व्हायचे ठरवतात तेव्हा बोलणे बहुधा थेट पैशावर येते: दुकान कोणाकडे राहणार आणि बाहेर पडणाऱ्याला किती मिळणार. माझे मत असे आहे की त्याआधी भागीदारी कोणत्या तारखेला संपली हे लेखी पक्के करावे. नफा-तोटा, साठ्याची किंमत, बाहेरच्या देण्यांची जबाबदारी आणि कोर्टात जाण्याची मुदत या साऱ्यांची मोजणी त्या तारखेला धरून होते, आणि तीच संदिग्ध राहिली की पुढचा प्रत्येक आकडा वादात सापडतो. हे विवेचन १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याखालील फर्मपुरते आहे. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे नियम वेगळे आहेत.

प्रथम भागीदारीपत्र काढून निवृत्ती, नोटिशीची मुदत, गुडविल (धंद्याच्या नावलौकिकाची किंमत) आणि लवाद यांविषयीची कलमे शांतपणे वाचावीत. भागीदारीची मुदत किंवा ती संपवण्याची रीत पत्रात ठरलेली नसेल, तर ती स्वेच्छेची भागीदारी ठरते आणि कायद्याच्या कलम ४३ नुसार कोणताही भागीदार इतर सर्वांना लेखी नोटीस देऊन फर्म विसर्जित करू शकतो. नोटिशीत तारीख लिहिली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नोटीस पोहोचल्याच्या दिवसापासून विसर्जन धरले जाते. म्हणून नोटिशीत तारीख स्पष्ट घालावी आणि पोहोच जपून ठेवावी. तीन-चार भागीदारांतला एक निवृत्त झाला तर फर्म पुढे चालू शकते, पण दोघांतला एक गेला की फर्म उरत नाही. मागे राहणाऱ्याला एकल मालक म्हणून आपल्या पॅनवर नवी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते.

तारीख ठरली की त्याच संध्याकाळी साठ्याची मोजणी करावी. समजा, हार्डवेअरचे दुकान आहे. एकाने रॅकवरचा माल मोजावा, दुसऱ्याने लिहावे, आणि दोघांनाही मान्य असलेला तिसरा माणूस समोर बसलेला असावा; प्रत्येक पानाच्या तळाशी दोघांच्या सह्या घ्याव्यात. चालू माल खरेदीच्या भावाने आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल आज जे मिळेल त्या भावाने धरणे मला रास्त वाटते. पडून असलेले नळ आणि गंजलेली बिजागरे जुन्या बिलाच्या भावाने धरली, तर दुकान ठेवणाऱ्यावर अन्याय होतो. येणे उधारीचीही अशीच यादी करून वसूल होणारी, संशयित आणि बुडीत अशी वर्गवारी करावी, आणि संशयित उधारी नंतर वसूल झाली तर ती कोणत्या प्रमाणात वाटायची हे त्याच कागदावर लिहावे. माझ्या अनुभवात भांडणे सर्वांत जास्त याच उधारीवरून उकरून निघतात.

वाटणीचा क्रम कलम ४८ मध्ये दिलेला आहे आणि वेगळा करार नसेल तर तोच लागू होतो. फर्मची मालमत्ता ४० लाखांची भरली आणि बाहेरची देणी २२ लाख असली, तर आधी ती देणी फिटतात. उरलेल्या १८ लाखांतून, एका भागीदाराने भांडवलाशिवाय कर्जाऊ दिलेले ४ लाख परत जातात. मग दोघांचे ६ आणि ४ लाखांचे भांडवल परत होते आणि शिल्लक ४ लाख नफ्याच्या प्रमाणात, समान हिस्सा असेल तर दोन-दोन लाख, वाटले जातात. हिशेब पूर्ण न करता उरलेल्यांनी धंदा चालू ठेवला, तर वेगळा करार नसल्यास बाहेर पडलेला भागीदार कलम ३७ नुसार आपल्या हिश्श्यामुळे झालेला नफा किंवा त्या हिश्श्यावर द.सा.द.शे. ६ टक्के व्याज, यांपैकी एक मागू शकतो.

विसर्जनलेखात किंवा निवृत्तीपत्रात रक्कम, हप्ते, फर्मचे नाव कोण वापरणार आणि मागील वर्षांची करमागणी आल्यास कोणी भरायची, हे सारे यावे. जागा फर्मची असेल तर मसुदा वकिलाला आणि सीएला आधी दाखवावा, कारण मालमत्ता कोणाच्या वाट्याला जाते यावर मुद्रांक शुल्क आणि आयकर दोन्ही अवलंबून असतात.

सह्या झाल्या म्हणजे जबाबदारी सुटली, हा समज महागात पडतो. जाहीर नोटीस होईपर्यंत बाहेरच्या लोकांच्या लेखी जुना भागीदार सहसा बांधीलच राहतो. नोंदणीकृत फर्मच्या बाबतीत ती नोटीस फर्मची नोंदणी करणाऱ्या निबंधकाकडे कळवावी लागते, तसेच शासकीय राजपत्रात आणि फर्मच्या जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका देशी भाषेतील वृत्तपत्रात द्यावी लागते. निवृत्तीची माहिती जीएसटी आयुक्तांना एक महिन्याच्या आत लेखी द्यावी, अन्यथा ती पोहोचेपर्यंतच्या कराची जबाबदारी चालूच राहते. फर्मच्या कॅश क्रेडिट खात्याला (बँकेच्या खेळत्या कर्जाला) वैयक्तिक हमी दिली असेल तर बँकेकडून हमीमुक्तीचे पत्र घ्यावे. भागीदारांनी आपापसांत काहीही लिहिले तरी त्याने बँक बांधली जात नाही.

एकमत झालेच नाही, तर भागीदारीपत्रात लवादाचे कलम आहे का ते पाहावे. ते असल्यास कोर्ट सहसा पक्षकारांना लवादाकडेच पाठवते. ते नसेल आणि वाद ३ लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल, तर भागीदारी कराराचा वाद व्यापारी न्यायालयाच्या कक्षेत येतो आणि तातडीच्या मनाईहुकमाची गरज नसल्यास दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक आहे. फर्म नोंदणीकृत नसली तरी विसर्जनाचा आणि हिशेबाचा दावा करता येतो. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने ही वाट बंद केली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

विसर्जित फर्मच्या हिशेबाच्या दाव्याची मुदत विसर्जनापासून ३ वर्षे आहे. दाव्याआधीच्या त्या अधिकृत मध्यस्थीचा काळ या मुदतीतून वगळला जातो. नातेवाइकांच्या बैठकीत किंवा फोनवर चाललेल्या तडजोडीच्या बोलण्यांचा काळ मात्र वगळला जात नाही.