जुन्या गाडीच्या रेडिएटरमध्ये बाटली ओतण्याआधी

"गाडी गरम होतेय, कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) कुठल्या अ‍ॅडिटिव्हची, म्हणजे वरून घालायच्या रसायनाची, बाटली टाकू?" असं कोणी विचारलं की मी आधी रेडिएटरचं झाकण उघडायला लावतो. अर्थात इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. गरम इंजिनाचं झाकण फिरवलंत तर उकळतं पाणी थेट तोंडावर उसळतं.

आता आत बोट घालून फिरवा. तांबूस गाळ लागला तर ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य धातूचा भाग, आतून गंजतोय. नळ्यांच्या तोंडाशी पांढरट, खरखरीत थर असेल तर वर्षानुवर्षं क्षारांचं जड पाणी भरलं गेलंय. तेलाचा तवंग दिसला तर बाटलीचा विषयच सोडा, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) तपासून घ्या. झाकणाच्या रबरावरून नखही फिरवून बघा. ते कडक झालं असेल, चिरलं असेल तर पहिला खर्च झाकणाचा. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. १ बार दाब धरणारं झाकण असेल तर तेच १२९ अंशांच्या आसपास तग धरतं. एवढा फरक कुठल्याच अ‍ॅडिटिव्हने पडत नाही. मात्र झाकण मूळ दाबाचंच घ्या, नाहीतर जुन्या रेडिएटरचे सांधे उलतात.

आत गाळ असताना वरून नवं औषध ओतण्यात काही अर्थ नाही. आधी फ्लश करा. क्षारांवर सायट्रिक अ‍ॅसिडचं द्रावण चांगलं चालतं, पण नंतर स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवायला हवं. इथे एक हिशेब हमखास चुकतो. ड्रेन कॉकमधून (रेडिएटरच्या खालच्या तोटीतून) फक्त रेडिएटर रिकामा होतो, ब्लॉकमधलं पाणी तसंच राहतं. समजा एकूण ८ लिटर मावतं आणि ४ लिटरच बाहेर आलं. आता त्यात तयार मिक्स, म्हणजे आधीच निम्मं पाणी असलेलं, कूलंट ओतलंत तर ग्लायकॉल पाव हिश्शावर येतं. त्याऐवजी ४ लिटर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, ओता, प्रमाण आपोआप निम्मं-निम्मं होतं. ब्लॉकचा ड्रेन प्लग गंजून बसलेला असेल तर त्याच्याशी कुस्ती खेळण्यापेक्षा हे बरं. पुढे जे पाणी घालाल ते डिस्टिल्डच असू द्या.

कूलंट रंगावरून निवडू नका. हिरवा, लाल, निळा हे कंपन्यांच्या मर्जीचे रंग आहेत. बाटलीवर कुठली जात, म्हणजे आतल्या गंजरोधक रसायनांचा प्रकार, लिहिलीय ते वाचा. पितळी-तांब्याचा, शिशाचं डाग दिलेला रेडिएटर असेल तर मी जुन्या पद्धतीचं, सिलिकेटवालं कूलंटच भरतो आणि २ वर्षांनी बदलतो. दोन जाती एकत्र केल्या तर कधीकधी दह्यासारखी गुठळी होते आणि ती नेमकी हीटरच्या बारीक नळ्यांत अडकते.

आता अ‍ॅडिटिव्ह. गंजरोधक अ‍ॅडिटिव्हची खरी गरज असते ती वेट लायनरच्या (ज्यांत सिलिंडरच्या नळकांड्याला बाहेरून थेट कूलंट लागतं अशा) मोठ्या डिझेल इंजिनांना. तिथे लायनर थरथरतो, त्याला लागून बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात, आणि धातूला टोकरून टोकरून आरपार भोक पाडतात. या अ‍ॅडिटिव्हमधल्या नायट्राइटचा थर हे रोखतो. पण आधी टेस्ट स्ट्रिप (रसायनाचं प्रमाण दाखवणारी कागदी पट्टी) कूलंटमध्ये बुडवून बघा. आधीच पुरेसं असताना आणखी ओतलं तर जादा रसायन गाळ होऊन बसतं आणि वॉटर पंपाचं सील खराब होतं. साध्या पेट्रोल गाडीत कूलंट वेळेवर बदललंत तर वेगळी बाटली लागत नाही.

पाण्याचा पृष्ठताण कमी करणारी बाटली, म्हणजे वॉटर वेटर, जास्त पाणी आणि कमी ग्लायकॉल असेल तेव्हाच थोडी उपयोगी पडते. तुंबलेला कोर (रेडिएटरची बारीक नळ्यांची जाळी) किंवा अडकलेला थर्मोस्टॅट (तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) तिने सुटत नाही. पंपाला वंगण म्हणून तेल घालायची जुनी पद्धत मला मुळीच पटत नाही, तेलाने होजचं (जोडनळीचं) रबर फुगतं.

स्टॉप लीक, म्हणजे गळती बुजवणारं औषध, मी फक्त एकाच ठिकाणी मान्य करतो: रेडिएटरच्या कोरमधून नुसता ओलावा पाझरतोय आणि घरी पोचायचंय. होज, क्लॅम्प, पंप यांच्या गळतीला ते नाही. बाटली नीट हलवा, ओव्हरफ्लोच्या डब्यात न टाकता थेट रेडिएटरमध्ये ओता. सिलिकेटवाल्या काही स्टॉप लीकसाठी आधी कूलंट काढून टाकावं लागतं, ते लेबलवर लिहिलेलं असतं.

काहीही भरलंत तरी हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि वरचा होज तापेपर्यंत इंजिन चालू ठेवा, म्हणजे अडकलेली हवा निघेल. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी बघा. काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं. शेवटी बॉनेटच्या आत एक पट्टी चिकटवून कूलंटची जात, अ‍ॅडिटिव्हचं नाव आणि तारीख लिहा, म्हणजे पुढचा माणूस रंग बघून वरून भलतंच काही ओतणार नाही.