शाळेत एसईएनची (स्पेशल एज्युकेशनल नीड्स, म्हणजे शिकण्यात विशेष गरजा असलेल्या मुलांची) जबाबदारी आलीये? मग मे महिन्यातच ही तयारी करून ठेवा

सगळ्यात आधी प्रिन्सिपलकडून कामाचं पत्र घ्या, लेखी. तोंडी "तुम्ही बघा हो आता स्पेशल नीड्सचं सगळं" असं म्हणतात आणि मग जूनमध्ये टाइमटेबल येतं तेव्हा तुमच्या नावावर आठवड्याचे तीस तास असतात, वर स्काउट-गाइड आणि वार्षिक अंक. पत्रात तीन गोष्टी हव्यात: तुमचे शिकवायचे तास किती, समन्वयाचे किती, आणि समन्वयाच्या तासाला तुम्हाला प्रॉक्सीला पाठवायचं नाही. ही तिसरी गोष्ट लिहून घेतली नाही तर पहिल्या दोन कागदावरच राहतात, कारण कुणी गैरहजर असलं की ऑफिसला पहिली दिसते ती रिसोर्स रूमवाली (या मुलांना वेगळं घेऊन शिकवायची खोली) बाई, "तुमच्याकडे दोनच मुलं आहेत ना, जरा सातवी ब सांभाळा."

मग मुलांची यादी. यू-डायसला (शाळांची माहिती भरायची सरकारी ऑनलाइन नोंद) गेल्या वर्षी काय भरलंय ते क्लार्ककडून काढून घ्या, जुन्या फाइली घ्या, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांतून आलेली मुलं बघा, आणि मुख्य म्हणजे मागच्या वर्षीच्या वर्गशिक्षकांशी सुट्टी लागायच्या आधी बोलून घ्या, कारण नंतर सगळे गावाला जातात आणि फोनवर कोणी नीट सांगत नाही. यादीचे आपोआप तीन ढीग पडतात: सर्टिफिकेट असलेली मुलं, कुठल्यातरी डॉक्टरचा किंवा सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट असलेली पण सर्टिफिकेट नसलेली, आणि कागद काहीच नाही पण शिक्षक सांगतायत की काहीतरी अडतंय. खरं काम तिसऱ्या ढिगात असतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, एनसीईआरटीचं 'प्रशस्त' नावाचं ॲप आणि चेकलिस्टही आहे शाळेत प्राथमिक पाहणी करायला, ती जरूर वापरा, पण पाहणी म्हणजे निदान नाही हे स्टाफरूममध्ये पहिल्याच दिवशी सांगून टाका. नाहीतर आठ दिवसांत "तो एडीएचडीवाला" आणि "ती स्लो लर्नर" सुरू होतं आणि ते लेबल दहावीपर्यंत सुटत नाही.

कागदपत्रांचं वेगळं रजिस्टर करा. कुणाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, कुणाचं नाही, टक्केवारी किती (बऱ्याचशा योजनांना आणि सवलतींना किमान 40 टक्के लागतात), मुदत कधी संपते. लर्निंग डिसॅबिलिटीचं (एलडी, म्हणजे वाचन-लेखन-गणितातली अक्षमता) सर्टिफिकेट साधारण आठव्या वर्षाच्या आत मिळत नाही, म्हणून दुसरीतल्या मुलाच्या आईला हॉस्पिटलच्या खेपा घालायला लावू नका, तोवर वर्गात मदत सुरू करा, त्याला कुठल्याच सर्टिफिकेटची गरज नाही. उलट आठवी-नववीतल्या मुलाचं सर्टिफिकेट अजून नसेल तर मात्र एक दिवसही थांबू नका, मुंबईत सायनसारख्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात चाचण्यांना तारीख मिळायलाच महिने जातात, आणि खाजगी रिपोर्ट कितीही जाडजूड आणि स्पायरल बाइंडिंगचा असला तरी बोर्डाला चालेलच असं नाही. आणि एक साधी गोष्ट, जी हमखास राहते: एलडीच्या चाचणीच्या आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं चुकीचं उतरवणाऱ्या मुलाला कधीकधी नुसता चष्माच हवा असतो.

रिपोर्ट हातात आला की आयक्यूच्या आकड्यावर अडकू नका. बुद्धिमत्तेची चाचणी बिने-कामत असो की नागपुरात तयार झालेली मॅलिनची असो, एकूण आकड्यापेक्षा आतले वेगवेगळे भाग वाचा, भाषेचे स्कोअर आणि कृतीचे स्कोअर यात किती फरक आहे ते बघा, शिफारसी बघा, आणि तारीख बघा. पाच वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर यंदाचा आयईपी (त्या मुलापुरता शिक्षणाचा आराखडा) करायचा नसतो. या सगळ्या फाइली कुलपाच्या कपाटात. रिपोर्टचा फोटो काढून स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही, कुणीही कितीही घाईत मागितला तरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, ज्यासाठी मे महिन्यातले चार-पाच दिवस खरंच बाजूला काढा: प्रत्येक मुलाचं एक पान. आयईपी आठ पानांचा असू दे, तो फाइलला आणि तपासणीला लागतो, पण वर्गशिक्षक आठ पानं वाचणार नाही, पन्नास मुलांचा वर्ग आहे त्यांचा. एका पानावर काय जमतं, कुठे अडतं, आणि वर्गात नेमकं काय करायचं एवढंच, तेही करायच्या गोष्टी तीनच. "लेखनात सुधारणा आवश्यक" असलं वाक्य लिहू नका, त्याचा कुणाला काही उपयोग नाही. वही उघडून बघा आणि दिसतं ते लिहा. समजा चौथीतली मुलगी आहे, 'पुस्तक'चं 'पुतक' लिहिते, 'वर्ग'वरचा रफार गायब, 'घ' आणि 'ध' एकमेकांच्या जागी, 'भ' आणि 'म' तसेच, वेलांटी कधी पहिली कधी दुसरी आणि कधी नाहीच, शब्दांमधली जागा सोडत नाही त्यामुळे शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. पण हीच मुलगी परिसर अभ्यासाचं उत्तर तोंडी विचारलं तर घडाघडा सांगते. मग पानावर लिहायचं: एक, फळ्यावरचं उतरवायला लावू नका, झेरॉक्स द्या किंवा शेजारणीची वही द्या, दोन, परिसर अभ्यासात शुद्धलेखनाचे मार्क कापू नका, दोन उत्तरं तोंडी घ्या, तीन, वर्गात अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका, आदल्या दिवशी उतारा सांगून ठेवा. झालं. इंग्रजी पुस्तकातली 'बी' आणि 'डी' उलटं लिहायची उदाहरणं मराठी माध्यमाच्या शिक्षकांसमोर ठेवली तर त्यांना वाटतं आपल्या वर्गात असलं कुणी नाहीच, म्हणून जोडाक्षरं आणि रफार दाखवा, लगेच चार नावं सांगतील.

मुलांना रिसोर्स रूममध्ये कधी काढायचं याचं टाइमटेबल मुख्य टाइमटेबल पक्कं व्हायच्या आत द्या, नंतर कुणी बदलत नाही. पीटी, चित्रकला, गॅदरिंगची प्रॅक्टिस यातून मुलाला अजिबात काढायचं नाही, बहुतेकदा शाळेत त्याला जमणारं आणि आवडणारं तेवढंच असतं. मराठीच्या मदतीसाठी गणिताचा तास बुडवायचा नाही. आणि आपल्या ताकदीचा हिशोब खरा करा. 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार पहिली ते पाचवीला अशा 10 मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, सुप्रीम कोर्टाच्या 2021 च्या निकालानंतर ते आलं. प्रत्यक्षात बालवाडी ते दहावीला मिळून तुम्ही एकट्या, फार तर एक जोडीदार. जोडीदाराचा आरसीआयचा (विशेष शिक्षकांची नोंदणी करणारी भारतीय पुनर्वास परिषद) नंबर चालू आहे का, रिन्यूअल कधी आहे, तेही बघून ठेवा, तपासणीला तेच विचारतात. मॅनेजमेंटकडे माणूस मागताना वरचे आकडे पत्रात टाका. पण तोपर्यंत सगळी मुलं आपणच शिकवायची असं मनात धरलंत तर दिवाळीपर्यंत तुम्ही आजारी पडाल आणि मुलांचं फारसं भलं व्हायचं नाही, कारण मूल आठवड्यात दोन तास तुमच्याकडे आणि उरलेले सगळे तास वर्गात. मूल वर्गशिक्षकाचं आहे, आपण वर्गशिक्षकाला मदत करायला आहोत. माझं तर स्पष्ट मत आहे की ज्या शाळेत "तुमची मुलं घेऊन जा" असं रिसोर्स रूमवाल्यांना ऐकवलं जातं तिथे एसईएनचं काम सुरूच झालेलं नसतं, बोर्ड कितीही छान रंगवलेला असू दे.

म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात शिक्षक शाळेत येतात तेव्हा पाऊण तास मागून घ्या. त्यात 21 प्रकारांचं पीपीटी दाखवू नका, सगळे मोबाइल बघत बसतील. सगळ्यांना डाव्या हातात पेन धरायला सांगा (डावखुऱ्यांना उजव्या) आणि जोडाक्षरांनी भरलेला परिच्छेद भराभर डिक्टेट करा, मध्ये थांबू नका, "झालं का, एवढा वेळ?" असं विचारत राहा. पाच मिनिटांत शिक्षक चिडतात, शेजाऱ्याचं बघायला लागतात, काही पेन खाली ठेवतात. मग ज्याला त्याला आपापल्या वर्गातल्या मुलांची ती एकेक पानं वाटा.

दुसरी छोटी मीटिंग मावशी, शिपाई मामा, वॉचमन आणि बसच्या काकांची, ही टाळू नका. ऑटिझम असलेलं मूल बेलच्या आवाजाने घाबरून पळतं ते तुमच्या दिशेने पळत नाही, गेटकडे पळतं, आणि गेटवर वॉचमन असतो. त्याला मुलाचा चेहरा ओळखू यायला हवा, हात ओढायचा नाही, ओरडायचं नाही, समोर उभं राहून हळू बोलायचं आणि मावशींना हाक मारायची, एवढं माहीत हवं. टॉयलेटला मदत लागणारं मूल असेल तर कोणत्या मावशी, त्या नसतील तर कोण, आणि दोन मोठी माणसं आसपास असतीलच अशी सोय, हे लिहून ठरवा आणि पालकांची सही घ्या. फिट येणारं मूल असेल तर सगळ्यांना करून दाखवा: घड्याळ बघा, आजूबाजूची बाकं हलवा, डोक्याखाली मऊ काहीतरी, कुशीवर वळवा, तोंडात चमचा वगैरे काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, पाच मिनिटांच्या वर गेलं तर थेट हॉस्पिटल. आणि कांदा-चप्पल हुंगवायची नाही. हे आवर्जून सांगावं लागतं, पदवीधर शिक्षकसुद्धा चप्पल काढतात.

इमारतीतून एक चक्कर मारा, शक्यतो शिपायाला बरोबर घेऊन. रॅम्प आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं पण उतार मोजा, एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, त्याहून तीव्र असेल तर व्हीलचेअर ढकलणाऱ्याचीच परीक्षा होते. दिव्यांग टॉयलेटमध्ये झाडू, बादल्या आणि जुनी बाकं ठेवलीत का बघा. ठेवलेली असतातच. वरच्या मजल्यावर वर्ग असेल तर मुलाला उचलून नेण्यापेक्षा अख्खा वर्ग खाली आणा, प्रिन्सिपल आधी नाही म्हणतील, पण मे महिन्यात विचारलं तर जमतं, जुलैमध्ये नाही. शांत बसायला एक कोपरा, तिथे पंखा चालू असावा, मोठ्या स्पीकरपासून लांब.

पालकांना शाळा सुरू व्हायच्या आत एकदा बोलवा, पीटीएमच्या रांगेत नको. आई-बाबा दोघं, आणि आजी घरी मुलाला सांभाळत असेल तर आजीसुद्धा. आधी मूल घरी काय छान करतं ते विचारा, मग शाळा काय करणार ते सांगा, निदान तुम्ही सांगू नका ते डॉक्टरचं काम. "याला स्पेशल शाळेत टाका" हे वाक्य शाळेतल्या कुणाच्याही तोंडून निघता कामा नये, दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश देणं कायद्याने शाळेचं काम आहे. शॅडो टीचर (वर्गात एकाच मुलाच्या मदतीला बसणारी) असेल तर पगार कोण देणार, ती कुणाचं ऐकणार, वर्गात कुठे बसणार, पोलिस व्हेरिफिकेशन, सुट्टीच्या दिवशी काय, हे सगळं एका कागदावर. सोसायटीतल्या बाकीच्या पालकांकडून "त्याच्यामुळे आमच्या मुलांचा अभ्यास बुडतो" ही तक्रार येणार हे धरून चाला आणि तिला उत्तर कोण देणार ते प्रिन्सिपलशी आधीच ठरवा, वर्गशिक्षिकेला एकटीला पुढे करू नका.

अनुदानित किंवा जिल्हा परिषदेची शाळा असेल तर गटसाधन केंद्रात (शिक्षण विभागाचं तालुका पातळीवरचं केंद्र) एक फोन करा, समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक तिथे असतात, साहित्य, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मुलींचा महिना 200 रुपये प्रोत्साहन भत्ता हे सगळं तिथूनच चालतं आणि त्यासाठी यू-डायसची नोंद बरोबर असावी लागते, मुलाचं बँक खातंही.

परीक्षांचं जूनमध्ये कशाला असं वाटेल, पण दहावीच्या मुलांची नावं आत्ताच वेगळी काढा. बोर्डाच्या सवलतींमध्ये तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास, आणि ती सवय मुलाला पहिल्या घटक चाचणीपासून हवी, एकदम मार्चमध्ये नाही. म्हणजे शाळेच्या परीक्षेलाही वेगळी खोली, जादा वेळ थांबणारा सुपरवायझर, आणि शिफ्टमधली शाळा असेल तर दुपारच्या शिफ्टवाल्यांशी आधी बोलणं आलं. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, त्यामुळे नववीतली, स्वच्छ अक्षराची, न चिडणारी मुलं शोधा, त्यांच्या पालकांची संमती घ्या, आणि जोडी आत्तापासून जुळवा, कारण सांगून लिहून घेणं ही वेगळीच कला आहे, "इथे नवीन परिच्छेद कर" हे मुलाला सांगता यायला हवं. गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घ्यायची सवलत असते, ती सरसकट घेऊ नका, पुढे सायन्स किंवा डिप्लोमाचा विचार असेल तर अडचण होऊ शकते, पालकांशी नीट बसून बोला आणि मुलालाही विचारा, त्याला काय करायचंय ते. प्रस्ताव विभागीय मंडळाकडे जायची तारीख शाळेच्या कॅलेंडरमध्ये लाल पेनाने, क्लार्कच्या आणि तुमच्या दोघांच्या.

आणि तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडे, फिट आली तर कोण धावणार, शॅडो टीचरने कुणाला विचारायचं, ती नावं नंबरसकट स्टाफरूमच्या बोर्डावर आत्ताच लावून टाका.