पहिली पाळी कधी येईल, हे कसं ओळखायचं

आपल्याकडे बहुतेक मुलींना पहिली पाळी बारा-तेराच्या आसपास, म्हणजे सहावी ते आठवीत येते. दहाव्या वर्षी आली किंवा चौदा पूर्ण झाल्यावर आली, तरी त्यात वावगं काही नाही. म्हणून नुसत्या वयावर विसंबू नका. पाळीच्या दोन-अडीच वर्षं आधीपासून शरीर खुणा देत असतं.

पहिली खूण छातीची. स्तनाग्राखाली लहानशी घट्ट गाठ लागते, बरेचदा आधी एकाच बाजूला, आणि ती दुखते. कित्येक आया इथेच घाबरतात. गाठ दाबून बघू नका, लेप लावू नका. दुसरी बाजू काही महिन्यांनी येते. तारीख मात्र लिहून ठेवा. तिथून साधारण दोन ते तीन वर्षांत पाळी येते.

दुसरी खूण उंचीची. दर तीन महिन्यांनी अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा आणि भिंतीवर रेघ मारा. एरवी वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढणारी मुलगी अचानक सात-आठ सेंटिमीटर वाढू लागते. हा वेग ओसरायला लागला की पाळी बहुधा वर्षभरात येते. ‘पाळी आली की उंची थांबते’ हे अर्धसत्य आहे. त्यानंतरही सरासरी पाच ते सात सेंटिमीटर वाढ होते.

तिसरी, अंगावरून पांढरं जाणं. पाळीच्या सहा महिने ते वर्षभर आधी निकरवर पांढरट, वास नसलेला डाग दिसू लागतो. हा आजार नाही. खाज, दुर्गंधी किंवा हिरवट रंग असेल तर मात्र दाखवून घ्या.

आता वय कशावर ठरतं? सगळ्यात मोठा वाटा अनुवंशाचा, त्यामुळे आईने स्वतःची पाळी कितवीत आली ते आठवावं. मुलीची बहुधा त्याच्या वर्षभर मागेपुढे. दुसरा वाटा अंगावरच्या चरबीचा. चरबीतून निघणारं लेप्टिन हे संप्रेरक मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असं कळवतं. म्हणून वजनदार मुलींना लवकर, तर कुपोषित, दीर्घ आजारी किंवा कठोर सराव करणाऱ्या खेळाडू मुलींना उशिरा येते. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींच्या एका अभ्यासात पहिल्या पाळीचं मधलं वय ११.६ वर्षं निघालं. उपासमारीनंतर एकदम भरपूर आहार मिळाल्याने असं झालं असावं, असं मानतात. तीळ, पपई, अंडी यांच्या ‘उष्णते’ने पाळी लवकर येत नाही. दूध उतरावं म्हणून गाई-म्हशींना देतात त्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनवरही बोट ठेवलं जातं, पण दुधातून आलंच तरी ऑक्सिटोसिन पोटात पचून जातं.

डॉक्टरांकडे कधी जायचं, हे पक्कं लक्षात ठेवा: आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली, तेरा पूर्ण होऊनही वाढलीच नाही, पंधरा झाली तरी पाळी नाही, किंवा छाती वाढू लागल्यावर तीन वर्षं उलटली तरी पाळी नाही. बहुतेकदा डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात.

मुलीशी बोलणं चौथीतच उरका. आठवीत सांगणं म्हणजे वरात निघाल्यावर मंडप घालणं. पांढरं जाऊ लागलं की दप्तरात दोन पॅड, एक निकर आणि कागदी पिशवी असू द्या. पॅड दर चार-सहा तासांनी बदलायचं, फारसं भिजलं नसलं तरी.

नोंदीत हमखास एक चूक होते. पाळी संपल्यापासून दिवस मोजले की ‘तीन आठवड्यांतच परत आली’ असं वाटतं. अंतर पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत धरा. सुरुवातीला २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं, कारण पहिली एक-दोन वर्षं बऱ्याच महिन्यांत बीजच सुटत नाही. याच काळात पूजेसाठी पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या परस्पर देऊ नका. सात दिवसांहून जास्त रक्तस्राव होत असेल किंवा दर एक-दोन तासांनी पॅड भिजत असेल, तर ‘सुरुवातीला असंच असतं’ म्हणून थांबू नका. रक्त गोठण्यातला दोष काही मुलींमध्ये पहिल्यांदा इथेच उघड होतो. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यायला लावा. रिकाम्या पोटी घेतली की मळमळते आणि मग ती गुपचूप फेकली जाते.