कानबाईच्या गाण्याचं रिमिक्स करताय?

श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी रिमिक्स करून यूट्यूबवर टाकणाऱ्यांनो, ‘दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचे तीस सेकंद परवानगीशिवाय चालतात’ हे आधी डोक्यातून काढा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी सूट कुठेच नाही. कलम ५२ खासगी वापर, समीक्षा, बातमी अशा ठरावीक कामांना मोकळीक देतं. विकायला किंवा व्ह्यूजसाठी केलेलं रिमिक्स त्यात बसत नाही. खाली क्रेडिट लिहिणं म्हणजे परवानगी नव्हे. आजीच्या तोंडची परंपरेची ओवी कुणा एकाच्या मालकीची नसते, पण तिचं बाजारात आलेलं रेकॉर्डिंग ६० वर्षं राखीव असतं. त्यापेक्षा गावातल्या गाणाऱ्या मावशीकडून तीच ओवी अहिराणीत नव्याने गाऊन घ्या. आवाजही अस्सल मिळेल. तिला मानधन द्या आणि संमती लेखी घ्या, कारण गाणाऱ्याचा हक्कही कायदा मानतो.