स्कूल बाँडला मत द्यायच्या आधी (टेक्सासवाल्यांसाठी)

मंडळी, स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपल्या भागातल्या शाळा चालवणारी संस्था, इमारती वगैरेंसाठी मतदारांना विचारून जे कर्ज काढते तो बाँड. निवडणूक मे मध्ये असो की नोव्हेंबरात, आधी काउंटीच्या साइटवरून आपलं सॅम्पल बॅलट (मतपत्रिकेचा नमुना) काढून प्रिंट मारा आणि चहा घेऊन बसा, कारण त्यातलं एकेक वाक्य "आमचे येथे श्रीकृपेकरून" सारखं संपता संपत नाही. पेन्सिलने रक्कम किती आणि कशासाठी एवढ्यावरच खूण करा, बाकीचं वकिली. मग येते कॅपिटल अक्षरातली ओळ, की ही प्रॉपर्टी टॅक्सची वाढ आहे. ती वाचून मी पहिल्या वेळी सरळ अगेन्स्ट मारून आले, नंतर कळलं की 2019 च्या कायद्यामुळे ती शाळांच्या प्रत्येक बाँडवर छापावीच लागते, टॅक्सचा रेट एक सेंट वाढणार नसला तरी. ओळ अगदीच खोटी असंही नाही हां, जुनं कर्ज फिटल्यावर जो रेट उतरला असता तो मग उतरत नाही, ते कोणी मोठ्याने सांगत नाही.

म्हणून डिस्ट्रिक्टच्या साइटवरचं व्होटर इन्फर्मेशन डॉक्युमेंट उघडा, त्यात मुद्दल, अंदाजे व्याज, आधीचं बाकी कर्ज आणि 1 लाखाच्या घरावर वर्षाला जास्तीत जास्त किती वाढ ते असतं. 1 लाखात घर कुठे मिळतं विचारू नका, आपला हिशोब आपणच करायचा. रेट दर 100 डॉलरमागे असतो, तेव्हा समजा घर 5 लाख 40 हजारांचं, होमस्टेडची, म्हणजे राहत्या घराची, 1 लाख 40 हजारांची सूट गेली, उरले 4 लाख, तर 1 सेंट म्हणजे वर्षाला 40 डॉलर. घर 65 च्या पुढच्या आईबाबांच्या नावावर असेल आणि त्यांनी 65 नंतरची सूट घेतली असेल तर त्यांचा शाळेचा टॅक्स गोठलेला असतो, नवीन खोली वगैरे बांधली नाही तर वाढत नाही.

शिक्षकांचे पगार वाढतील म्हणून फॉर करणार असाल तर थांबा, बाँडच्या पैशातून पगार होत नाहीत, पगारांचा टॅक्स रेटच वेगळा. आणि 1,000 पेक्षा जास्त सीटचं स्टेडियम वेगळ्या प्रपोझिशनमध्ये, म्हणजे बॅलटवरच्या वेगळ्या प्रस्तावात (ए, बी वगैरे), टाकावं लागतं, त्यामुळे शाळांना हो आणि फुटबॉलला नाही असं खुशाल करता येतं.

फोटो आयडी घ्या. मतदानाच्या जागी फोन वापरू देत नाहीत, तेव्हा इंडियन स्टोअरच्या पावतीमागे ए हो, बी नाही असं लिहून न्या, आणि नोव्हेंबरात बॅलट शेवटपर्यंत बघा, बाँड पार तळाशी असतो.